विचारणाऱ्याचा ठोकळा

मित्रांनो, मला पाहिलेत तर तुम्ही म्हणाल, हा तर नुसता ठोकळा! खुशाल म्हणा, मला राग येत नाही. मी एक जुना लाकडी ठोकळाच आहे. चार बाजूंना फळ्या, वर एक जाड फळी, खालून पोकळ आणि उचलायला सोपे जावे म्हणून दोन्हीकडे हात शिरेल एवढी खाच. मला पाठ नाही, हात नाहीत, म्हणून खुर्च्या मला आपल्यात घेत नाहीत. टेबले तर माझ्याकडे बघतही नाहीत. पण खुर्चीला जे कधी कळत नाही ते मला कळते. खुर्चीवर माणूस बसतो, माझ्यावर तो उभा राहतो, आणि उभ्या माणसाच्या मनातले सगळे त्याच्या पायांत उतरते. कोण घाबरला आहे, कोण उगाच तोरा मिरवतो आहे आणि कोणाला खरोखरच काही विचारायचे आहे, हे मी तळव्यांवरून ओळखतो.

मी ज्यांचा होतो त्यांना सगळे शहर ‘बाई’ म्हणत असे. शाळेत शिकवत होत्या तेव्हा बाई, नगरपालिकेत निवडून गेल्या तेव्हाही बाई, आणि पुढे अध्यक्ष झाल्यावर दारावर पितळी पाटी लागली तरी लोकांच्या तोंडी बाईच. खरे तर ही गोष्ट त्यांची आहे. मी फक्त त्यांच्या पायाखाली होतो.

बाई उंचीने फारच कमी. वर्गात शिरल्या की मागच्या बाकावरच्यांना आधी आवाज ऐकू यायचा आणि मग काही वेळाने बाई दिसायच्या. फळ्याच्या वरच्या भागाला त्यांचा हात पोचत नसे. त्यामुळे वर कायम एक कोरी पट्टी राही आणि खाली अक्षरांची नुसती दाटी होई. शेजारच्या खोलीत सुतारकाम शिकवणारे मास्तर होते. ते एकदा दारातून डोकावून म्हणाले, “बाई, वरची पट्टी काय पुढच्या वर्षासाठी राखून ठेवलीय?”

वर्ग खदखदून हसला. बाईही हसल्या. पण मुलांनी ते मनावर घेतले आणि मोडक्या बाकांच्या फळ्या गोळा करून सुतारकामाच्या तासाला मला बनवायला घेतले. प्रत्येकाला निदान एक तरी खिळा ठोकायचाच होता. मास्तर ओरडत होते, “अरे पुरे! ठोकळा करताय की साळिंदर?” पण ऐकतो कोण! माझ्या अंगात आजही लाकडापेक्षा लोखंड जास्त आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. त्यातला एकच खिळा वाकडा आहे, वरच्या फळीच्या कडेला. तो एका मुलीने ठोकला.

त्या मुलीला सगळे टिटवी म्हणत. आवाज बारीक, टोकदार, आणि दिवसभर काही ना काही विचारणे चालू. हातोडी उगारली आणि तिला शंका आली. “मास्तर, खिळा सरळ मारला तरी वाकडा का जातो?” मास्तर म्हणाले, “आधी ठोक, मग विचार!” पण तोवर व्हायचे ते होऊन गेले होते.

टिटवी रुळांपलीकडच्या वस्तीतली. तिचे वडील मालगाडीत पोती चढवत. त्या बाजूला लहान मुलांसाठी दोन खोल्यांची एक शाळा होती. ती संपली की पुढच्या वर्गांसाठी मुलांना रूळ ओलांडून इकडे यावे लागे. टिटवी बऱ्याचदा उशिरा यायची. बाईंनी पहिल्यांदा कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, “मालगाडी उभी होती, बाई. ती हलेना, मग मी काय करू?” मालगाडी एकदा फाटकात येऊन थांबली की तासन्‌तास हलत नसे. मोठी मुले वाट बघत, द्वाड मुले डब्यांखालून सरपटत येत. त्या दिवसापासून बाईंनी टिटवीला उशिराबद्दल कधी बोल लावला नाही. हे मी मुद्दाम सांगून ठेवतो आहे. बाईंना त्या मालगाडीचे ठाऊक होते.

माझ्यावर उभ्या राहून बाईंनी पहिल्यांदा फळ्याच्या अगदी वरच्या कडेला तारीख लिहिली तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागून टिटवीचा आवाज आला. तिने काहीतरी विचारले होते, पण ती दिसत नव्हती, आणि मुले एकमेकांना कोपराने ढोसून हसायला लागली. बाई माझ्यावरून खाली उतरल्या.

“ये इकडे. यावर उभी राहा,” त्या म्हणाल्या. “हं, आता विचार. सगळ्यांना ऐकू दे.”

टिटवी माझ्यावर चढली. तिच्या पायाचा अंगठा तिच्याच वाकड्या खिळ्यावर येऊन थांबला. तिने पुन्हा विचारले आणि कोणी हसले नाही. उंचावर उभ्या असलेल्या माणसाला हसणे तितके सोपे नसते.

तेव्हापासून त्या वर्गात पद्धतच पडली. ज्याला प्रश्न विचारायचा तो वर, ज्याला उत्तर द्यायचे तो खाली. दुसऱ्या शाळांत उत्तर देणाऱ्याला शाबासकी मिळते, इथे विचारणाऱ्याला उंची मिळायची. धडा संपला की बाई विचारत, “कुणाला काही विचारायचंय?” आणि मग त्या वर्गाकडे नाही, माझ्याकडे बघत. मी रिकामा असलो की त्या खडू पुन्हा हातात घेत. “ठोकळा रिकामा आहे. म्हणजे माझंच शिकवायचं काहीतरी राहिलंय.” झाले, तोच धडा पहिल्यापासून! या भीतीने मुले काहीही विचारायला लागली. एका खोडकर मुलाने माझ्यावर चढून विचारले, “बाई, तुमची उंची किती?” बाई शांतपणे म्हणाल्या, “ठोकळ्यासकट की ठोकळ्याशिवाय?”

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात सुखाचे दिवस होते. तेव्हा कळले नाही, एवढेच.

शाळेचे छप्पर गळत होते. मुलींसाठी धड स्वच्छतागृह नव्हते. बाई दर आठवड्याला नगरपालिकेत जाऊन विचारायच्या आणि बाहेरच्या बाकावर बसून परत यायच्या. एकदा कुणीतरी वैतागून म्हणाले, “एवढं विचारायचंय तर निवडून या की तुम्हीच!” तो बिचारा बोलून गेला आणि बाई खरोखरच निवडणुकीला उभ्या राहिल्या. त्यांच्या हाताखालून शिकून गेलेल्यांनी घरोघरी जाऊन मते मागितली आणि बाई निवडून आल्या.

पहिल्या सभेला त्या मला काखेत मारून निघाल्या. दारावरच्या रखवालदाराने अडवले. “बाई, हे सामान आत नेता येणार नाही.”

“सामान नाही हो हे,” बाई म्हणाल्या. “माझी उंची आहे.”

सभागृहात बोलण्यासाठी जे उंच मेज होते ते कोण्या धिप्पाड माणसाच्या मापाने केलेले असावे. माझ्याशिवाय बाई त्यामागे उभ्या राहिल्या असत्या तर सभेला फक्त त्यांच्या केसांचा भांग दिसला असता. त्या माझ्यावर चढल्या. त्यांचे तळवे थंडगार पडले होते आणि त्या एकसारख्या या पायावरून त्या पायावर भार टाकत होत्या. मग त्यांनी छपराबद्दल विचारले, उत्तर टाळले गेल्यावर पुन्हा विचारले आणि ते मिळेपर्यंत खाली उतरल्या नाहीत. छप्पर झाले. स्वच्छतागृहे झाली. शाळाशाळांत पाण्याचे नळ आले, बाजाराजवळ वाचनालय उघडले. काही वर्षांनी बाई शिक्षण समितीच्या सभापती झाल्या आणि त्यांनी महिन्याची खुली सभा सुरू केली. त्या सभेत मेजामागे सदस्य बसत आणि मी मेजाच्या पुढे, लोकांच्या बाजूला. ज्याला विचारायचे त्याने माझ्यावर यावे आणि विचारावे.

काय काय पाय पाहिले मी तेव्हा! चिखलाचे, रंगाचे, पिठाचे. एक म्हातारे काका तर एकही सभा चुकवत नसत. त्यांचा प्रश्न ठरलेला. “मनोऱ्यावरचं घड्याळ कधी चालू होणार?” लोक त्यांना घड्याळकाका म्हणत. सदस्य कपाळाला हात लावत, पण बाई प्रत्येक वेळी त्यांना नीट उत्तर देत. बाहेरगावची माणसे ही पद्धत बघायला येत. वर्तमानपत्रात एकदा छायाचित्र आले. खाली नाव बाईंचे होते, पण बाई अर्ध्याच आल्या होत्या आणि मी मात्र पूर्ण आणि ठसठशीत आलो होतो.

सभा संपली की बाई मला घरी नेत. घरी त्यांची धाकटी बहीण होती. दोघींनीही लग्न केले नव्हते, दोघी मिळूनच राहत. बहीण माझ्यावर चढून वरच्या फळीवरचे डबे काढायची आणि म्हणायची, “ताई, तुझ्या नगरपालिकेपेक्षा हा माझ्या जास्त कामाचा आहे.” मला दोन्ही कामे आवडत.

मग बाई अध्यक्ष झाल्या. त्याच सुमारास नवे सभागृह बांधले गेले. गुळगुळीत फरशी, मऊ खुर्च्या, आणि अध्यक्षांसाठी उंच व्यासपीठ. बाईंच्या खुर्चीपुढे बांधतानाच पायरी केली होती, त्यामुळे त्यांना माझी गरज उरली नाही. “ठोकळा लोकांच्या बाजूला ठेवा. तो त्यांचा आहे,” असे त्यांनी सांगितले. मला बरे वाटले. पण आता त्या मला घरी नेईनाशा झाल्या, आणि व्यासपीठावरून मी त्यांना नीट दिसत नसेन असे मला अधूनमधून वाटू लागले.

बाईंचे एक जुने स्वप्न होते. शहरातल्या गळक्या, अंधाऱ्या, दोन-दोन खोल्यांच्या शाळा बंद करून एक मोठी शाळा बांधायची. उजेडाचे वर्ग, प्रयोगशाळा, खेळायला मैदान. त्या स्वप्नापायी त्यांनी जिवाचे रान केले. मंजुरी आली, पण मुदत थोडी होती. इकडे खुल्या सभेत घड्याळकाकांपासून सगळे बोलणार, तासच्या तास जाणार. एक दिवस नगरपालिकेचे सचिव म्हणाले, “बाई, अशाने शाळा कधी व्हायची? प्रश्न आधी लेखी घेऊ. उत्तरंही लेखी देऊ. सगळं नीटनेटकं होईल.” सचिव काही वाईट माणूस नव्हते. त्यांनाही ती शाळा हवीच होती. बाईंनी होकाराची मान हलवली.

त्या दिवशी बहीण त्यांना न्यायला आली होती. मला नुकतेच सभागृहातून काढून बाहेरच्या व्हरांड्यात ठेवले होते. बहीण येऊन माझ्यावरच बसली.

“ताई, वर्गात तू असा नियम केला असतास?” तिने विचारले.

“वर्गात मूठभर पोरं होती गं. इथे अख्खं शहर आहे.”

“म्हणून तर!”

“शाळा एकदा उभी राहू दे,” बाई म्हणाल्या, “मग बसू या सगळ्यांचं ऐकत.”

उठताना बहिणीने माझ्यावरची धूळ पदर न वापरता नुसत्या हातानेच झटकली आणि दोघी निघून गेल्या.

नव्या शाळेचा ठराव ज्या सभेत यायचा होता त्या दिवशी मोठे पाहुणे येणार होते. सकाळपासून झाडलोट चालली होती. व्हरांड्यात कुंड्या मांडताना एका शिपायाची नजर माझ्यावर पडली. “हा ठोकळा बरा सापडला. यावर ठेवली की कुंडी उठून दिसेल.” आणि मोठ्या पानांच्या रोपाची एक जड, ओली कुंडी माझ्यावर येऊन बसली. आयुष्यात प्रथमच माझ्यावर असे काही होते ज्याला काही विचारायचे नव्हते.

सभा सुरू व्हायच्या जरा आधी एक स्त्री आली. चपला झिजलेल्या, टाचांना भेगा, हाताला तागाच्या पोत्यांचा वास. ती आत जाता जाता थबकली. खाली वाकली आणि तिने माझ्या कडेचा वाकडा खिळा बोटाने चाचपला. टिटवी! पोर आता एका पोरीची आई झाली होती, पण बोट तेच. तिने दोन्ही हातांनी कुंडी उचलायला घेतली.

“अहो, कुंडीला हात नका लावू!” शिपाई धावत आला. “पाहुणे यायचेत.”

“मला हा ठोकळा पाहिजे. आत विचारायचंय.”

“विचारायचं ते लेखी असतं आता. सोडा ती कुंडी.”

तिने कुंडी सोडली आणि माझ्याशिवाय आत गेली. खिडकी उघडी होती, त्यामुळे पुढचे सारे मला ऐकू आले. ठराव वाचला गेला. दोन खोल्यांच्या सगळ्या शाळा बंद होणार, रुळांपलीकडचीसुद्धा, आणि मुले मोठ्या शाळेत येणार. मग बाईंचा आवाज आला. तोच जुना, सवयीचा. “कुणाला काही विचारायचंय?”

टिटवी पुढे गेली. पण माइक उंच दांड्यावर होता आणि तो खाली कसा करायचा हे तिला कुणी सांगितले नाही. तिने टाचा उंचावल्या असणार. मी खाली असतो तर ते मला कळले असते. “मालगाडी...” एवढाच शब्द कसाबसा बाहेर पडला. कुणीतरी मागून ओरडले, “आवाज येतोय, माणूस कुठंय?” आणि सगळे सभागृह हसले.

बाई हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. पण त्या खालीही उतरल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “आपला प्रश्न लेखी द्या. नक्की उत्तर मिळेल.” मग जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, “आणखी कुणाला काही? नाही? मग ठराव सर्वानुमते मंजूर.”

सदस्यांनी बाके वाजवली. वर्गात कुणी काही विचारले नाही की बाई माझ्याकडे बघत आणि धडा पुन्हा शिकवत. त्या दिवशी त्यांनी बघितले असते तर मी त्यांना जागेवर दिसलोच नसतो. टिटवी व्हरांड्यातून गेली तेव्हा तिने माझ्याकडे पाहिले नाही. तिने प्रश्न लेखी दिला, आणि उत्तरही आले. ‘आपले म्हणणे संबंधित विभागाकडे पाठवले आहे.’ तोवर पलीकडच्या शाळेला कुलूप लागले होते.

मोठी शाळा झाली. फार सुंदर झाली म्हणतात. बाईंचे सगळीकडे कौतुक झाले, हार झाले, भाषणे झाली. अध्यक्षपदाची मुदत संपल्यावर त्या घरी बसल्या. मला मात्र कुणी घरी नेले नाही. कुंडीतले पाणी झिरपून माझी वरची फळी फुगली, मग तडकली. रोप वाळून गेले तरी कुंडी तशीच राहिली. घड्याळकाका आपला लेखी प्रश्न द्यायला येत तेव्हा माझ्याजवळ थांबत. “काय रे, तुलाही बसवलं का?” ते म्हणत. मनोऱ्यावरचे घड्याळ तेव्हाही बंदच होते.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी बाई आणि त्यांची बहीण व्हरांड्यात आल्या. बाई पार वाकल्या होत्या. दोघींनी मिळून कुंडी खाली उतरवली. बाई माझ्यावर बसल्या आणि तळवे माझ्यावर नसतानाही मी ओळखले की त्या आतून हलल्या आहेत.

“बक्षिसं द्यायला बोलावलं होतं मला शाळेत,” त्या बहिणीला सांगत होत्या. “एकेक मूल येत होतं. मी प्रत्येकाला विचारत होते, कुठं राहतोस? पलीकडचं एकही नाही. मुख्याध्यापिकेला विचारलं, तर म्हणाली, नावं आहेत बाई, मुलं नाहीत.”

“आणि मग तू एकटीच गेलीस फाटकावर.”

“मालगाडी उभी होती. एवढीशी पोर डब्याखाली वाकत होती. तिच्या आईने तिला दप्तराला धरून मागे ओढलं आणि घरी नेलं. रोज हेच. आधी लहान पोरं यायची थांबली, मग मुली. लोक तरी काय करणार? जिवावर उदार होऊन कोण पाठवेल?” बाई थांबल्या. “टिटवीकडे गेले होते मी. तिने पाणी दिलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, मी आले होते, बाई. तुम्ही पाहुण्यांकडे बघत होतात.”

बहिणीने माझ्या एका खाचेत हात घातला, बाईंनी दुसऱ्या, आणि दोघी म्हाताऱ्या मला घेऊन सभागृहात शिरल्या.

सभा चालू होती. नवे अध्यक्ष म्हणजे बाईंची उंची विचारणारा तोच खोडकर मुलगा. बाईंना बघताच तो उठून उभा राहिला. बाई मला मधोमध ठेवून माझ्यावर चढल्या. माझी तडकलेली फळी कुरकुरत होती. मी जिवाच्या कराराने त्यांना धरून ठेवले.

“पलीकडची शाळा बंद केली,” बाई म्हणाल्या. “मालगाडी उभी असली की तिकडची पोरं शाळेत येणार कशी?”

अध्यक्ष चुळबुळला. “बाई, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण प्रश्न आधी लेखी द्यायचा असतो. नियम... नियम तुमचाच आहे.”

“माझाच आहे,” बाई म्हणाल्या. “चुकला माझा नियम. हा प्रश्न टिटवीने इथंच विचारला होता, तेव्हा मी ऐकला नाही. आता मी पुन्हा विचारते. सगळ्यांना ऐकू दे.” आणि त्यांनी तो प्रश्न पहिल्या शब्दापासून पुन्हा विचारला.

“ऐकून घ्या हो!” मागून घड्याळकाका ओरडले.

त्या दिवशी काहीच मंजूर झाले नाही. पण दोघी बहिणी पुढच्या सभेलाही मला घेऊन आल्या, त्याच्या पुढच्याही. रुळांवर पादचारी पूल झाला, पण तो व्हायलाही वर्षे गेली. पूल झाल्यावर लहान मुले शाळेत जायला लागली, आणि त्याचा बाईंना आनंद झाला. पण जी मुले मधल्या वर्षांत घरी राहिली ती काही पुन्हा लहान झाली नाहीत.

बाईंनी मला टिटवीच्या घरी देऊन टाकले. आता मी तिथे असतो. टिटवीची मुलगी पलीकडच्या शाळेच्या शेवटच्या तुकडीतली. आता ती आईबरोबर फाटकी पोती शिवते आणि माझ्यावर उभी राहून दोरीवर पोती वाळत घालते. बाई दुपारी पूल चढून यायच्या, दर पायरीला दम खात, आणि तिला वाचायला शिकवायच्या. पोर विसरून गेली होती सगळे. ती शिकायची, पण विचारायची काहीच नाही. एक दिवस बाईंनी मला तिच्यापुढे सरकवले.

“चढ. काहीही विचार.”

“काय विचारू, आजी?”

“जे मनात असेल ते.”

ती चढली. तिच्या पायाचा अंगठा आईच्या वाकड्या खिळ्यावर येऊन थांबला. ती भार बदलत राहिली. या पायावरून त्या पायावर, पुन्हा या पायावर. टिटवी पोते शिवायचे थांबली.

“त्या दिवशी आईचा आवाज पोचत नव्हता,” मुलगी म्हणाली, “तर तुम्ही खाली का नाही उतरलात?”

बाई खाली जमिनीवर बसल्या होत्या. प्रश्नाचे उत्तर येत नसले की वर्गात त्या म्हणायच्या, ‘उद्या शोधून आणते.’ त्या दिवशी त्या तसे म्हणाल्या नाहीत.

“उतरायला हवं होतं, बाळा,” त्या म्हणाल्या. “नाही उतरले.”

मुलीने मान हलवली. ती माझ्यावरून खाली उतरली आणि उरलेली पोती शिवायला बसली.

मित्रांनो, बाई आता नाहीत. त्यांनी केलेले नळ अजून वाहतात, वाचनालय भरलेले असते, मोठ्या शाळेची घंटा इथपर्यंत ऐकू येते. पण त्या जायच्या आधी कितीतरी दिवस येऊन माझ्याजवळ बसायच्या आणि त्या एका सभेबद्दलच बोलायच्या. माझ्यासारखा एखादा ठोकळा तुमच्या वर्गात असेल, घरात असेल, उद्या तुम्ही मोठे झालात की तुमच्या सभागृहातही असेल. त्याला रंग दिला नाहीत तरी चालेल. पुसला नाहीत, त्याचे खिळे वर आले, फळी तडकली तरी तो सांभाळून घेईल. फक्त त्याच्यावर कुंडी ठेवू नका.